पिंजऱ्यातील पंखांना हवे उडण्याचे बळ

पिंजऱ्याचे दार उघडे ठेवले तरी पक्षी दांडीवरून हलत नाही. हातावर घेऊन सोडला, तर दोन हातांवर जमिनीवर उतरतो आणि चोच उघडी ठेवून धापा टाकतो. पक्षी पाळणाऱ्या घरांना हे चित्र नवे नाही. असा पक्षी ‘शांत’ किंवा ‘माणसाळलेला’ आहे, असा समज करून घेतला जातो. प्रत्यक्षात तो बहुधा लठ्ठ, दुर्बल किंवा आजारी असतो.

घराघरांत सर्वाधिक आढळणारा बजरीगर मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातील आहे. पाणी व गवताचे बी शोधत थव्याने लांबवर भटकणे हा त्याचा स्वभाव. पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तेथून तो जगभरच्या पिंजऱ्यांत पोहोचला. आपल्याकडे ‘लव्हबर्ड’ म्हणून विकला जाणारा पक्षी अनेकदा हाच असतो. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतील आहे. उडण्यासाठीच घडलेल्या या शरीराला पुन्हा उडते करायचे, तर घाई उपयोगाची नाही.

आधी तपासणी

पक्षी आजार लपवतो. त्यामुळे पिसे फुगवून बसणे, श्वासागणिक शेपटी खाली-वर होणे, विष्ठेचा रंग बदलणे ही लक्षणे दिसल्यास व्यायामाचा विचार बाजूला ठेवून पशुवैद्यकांचा सल्ला घ्यावा. वजनासाठी स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. बजरीगराचे वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम, तर कॉकाटीलचे ८० ते १०० ग्रॅम असते. छातीच्या मधोमध असलेले उभे हाड बोटाला हलकेच जाणवले पाहिजे. ते चरबीत बुडाले असेल तर पक्षी लठ्ठ आहे. सुरीच्या धारेसारखे टोचत असेल तर त्याचे स्नायू झिजले आहेत.

पंखही पाहावेत. विक्रेत्यांनी पंख छाटलेले असतील, तर ती पिसे वाढत नाहीत. जुनी गळून नवी येईपर्यंत काही महिने थांबावे लागते. तोपर्यंत पक्ष्याला उंचावरून सोडू नये.

दाण्यांची वाटी

नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पक्ष्याच्या यकृतात चरबी साठते आणि ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव भासते. सूर्यफुलाच्या बिया केवळ बक्षीस म्हणून, दिवसाला मोजून दोन-चार द्याव्यात. रोजच्या वाटीत राळे, वरी आणि खानदेशात सहज मिळणारी बाजरी असावी. सोबत मेथी, कोथिंबीर, किसलेले गाजर द्यावे. शेव, फरसाण, चहात बुडवलेली पोळी, चॉकलेट आणि अव्हाकाडो पूर्णपणे टाळावे. आहारातील बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करावा. नवे अन्न न ओळखल्याने लहान पक्षी उपाशी राहतो आणि उपास त्याला झेपत नाही. या काळात रोज सकाळी वजन घ्यावे. ते झपाट्याने घटत असेल, तर जुना आहार पुन्हा सुरू करावा.

पिंजरा लांब हवा

पक्षी आडवा उडतो. त्यामुळे उंच, गोल पिंजऱ्यापेक्षा लांबट पिंजरा बरा. बजरीगराच्या जोडीसाठी तो किमान अडीच फूट लांब असावा. दांड्या दोन्ही टोकांना लावून मधली जागा मोकळी ठेवावी. गुळगुळीत प्लॅस्टिकऐवजी पेरू किंवा कडुलिंबाच्या, कमी-अधिक जाडीच्या, कीटकनाशक न फवारलेल्या फांद्या पायांना चांगल्या. दाणे एका टोकाला आणि पाणी दुसऱ्या टोकाला ठेवले, तरी दिवसभरात बरीच हालचाल घडते.

सरावाचा क्रम

पहिला आठवडा बोटावर चढण्या-उतरण्याचा. नंतर दांडी आणि बोट यांत वीतभर अंतर ठेवून आवडता दाणा दाखवावा. पक्षी उडी मारतो. पुढे अंतर एक फूट, तीन फूट, मग खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाढवावे. सराव दिवसातून दोनदा, पाच-दहा मिनिटांचाच असावा. पक्षी चोच उघडून श्वास घेऊ लागताच थांबावे. हवेत फेकणे किंवा टाळ्या वाजवून घाबरवणे यातून व्यायाम होत नाही. दुखापत होते आणि विश्वास तुटतो.

सोडण्यापूर्वी छताचा पंखा बंद करून पाती थांबल्याची खात्री करावी. खिडक्यांना जाळी किंवा पडदा असावा, पाण्याच्या बादल्या झाकाव्यात, गॅस बंद असावा, मांजर बाहेर असावे. तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूरही पक्ष्याला मारक ठरतो.

उन्हाळ्यातील वेळापत्रक

मे महिन्यात जळगाव, धुळ्याचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नसतात. तो धापा टाकून शरीर थंड करतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत सराव सूर्योदयाच्या सुमारासच घ्यावा, दुपारी अजिबात नको. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नये. उथळ ताटलीत पाणी ठेवल्यास पक्षी स्वतः आंघोळ करतो.

देशी पोपट असल्यास

ही सारी पद्धत परदेशी पाळीव जातींसाठी आहे. आपल्या कंठवाल्या पोपटासह देशी पोपटांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण असून त्यांना पकडणे, विकणे व पाळणे गुन्हा आहे. मात्र वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेला पोपट एकाएकी गच्चीवरून सोडून देणे म्हणजे त्याला मांजर, कावळ्यांच्या तोंडी देणे होय. त्याला वनविभागाच्या स्वाधीन करावे. उडण्याचे बळ आणि अन्न शोधण्याची सवय परतल्यावरच त्याची सुटका योग्य ठरते.

महिना-दीड महिन्यात वजन आटोक्यात येऊन पक्षी न धापता खोलीभर फेरी मारू लागला, तर दिशा बरोबर आहे असे समजावे. तसे न घडल्यास सराव वाढवू नये. पुन्हा तपासणी करून घ्यावी.