घरातले औषध, शेतातले विष

१९४७ च्या सुमारास आपल्या देशात दरवर्षी अंदाजे ७.५ कोटी लोक हिवतापाने आजारी पडत आणि ८ लाख दगावत. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घरोघरच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले. भिंतीवर विसावणारा डास त्याने मरे. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या सुमारे १ लाखावर आली. हे उपकार आपण विसरता कामा नये.

परंतु हेच द्रव्य पिकांवरही सढळ हाताने पडू लागले. ते लवकर नष्ट होत नाही. पाण्यातून माशांत, माशांतून पक्ष्यांत ते साठत जाते. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन फुटू लागली. रेचल कार्सन यांनी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथातून जगाला सावध केले. शेतातील या अतिरेकाने डासही विषाला सरावले. त्यात कार्यक्रमाची ढिलाई मिळाली आणि १९७६ साली रुग्ण ६४ लाखांवर गेले.

पुढे १९८९ मध्ये भारताने डीडीटीचा शेतीतील वापर बंद केला. २००१ च्या स्टॉकहोम कराराने रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरती सवलत ठेवली. म्हणजे द्रव्य तेच. प्रश्न होता मर्यादेचा.

देवाने मानवाला एदेन बागेची मशागत आणि राखण अशी दोन्ही कामे सोपविली, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. तापाने फणफणलेल्या गरिबाच्या लेकराला वाचविणे हे आपले कर्तव्यच. मात्र त्याच लेकराला उद्या ज्या विहिरीचे पाणी प्यायचे आहे, तिची राखणही आपल्याकडेच आहे.