चार पायांचे राजपुत्र : हैतीच्या डुकरांची गोष्ट

आजचा भाग डुकरांवर आहे. हसू नका. आपल्याकडे डुक्कर म्हटलं की नाक मुरडतात, किंवा फार तर 'फँड्री' सिनेमा आठवतो. पण जगातल्या कितीतरी गरीब शेतकऱ्यांच्या घरी डुक्कर म्हणजे बँक असते, आणि ही बँक एका पूर्ण देशात सरकारनेच बुडवली, तीही रोग हटवण्याच्या चांगल्या हेतूने. देश हैती, साल १९८२ ते ८३.

आधी रोगाबद्दल. आफ्रिकन स्वाइन फीव्हर. १९२१ मध्ये माँटगोमेरी नावाच्या पशुवैद्यकाने केनियातल्या साथींचा अभ्यास छापला, तेव्हा हा रोग पहिल्यांदा नीट नोंदला गेला. तिथल्या रानडुकरांच्या अंगात हा विषाणू निवांत राहतो, त्यांना काही होत नाही. गोचिडांच्या एका जातीतूनही तो पसरतो. युरोपीय वसाहतवाल्यांनी आणलेल्या पाळीव डुकरांना लागला, की आठवडाभरात कळपच्या कळप साफ. माणसाला हा रोग होत नाही, हे ठळक सांगून ठेवतो, कारण प्रत्येक साथीत अफवा हीच उठते.

१९५७ मध्ये तो लिस्बनला पोचला. कसा? विमानतळावरचं उरलंसुरलं, म्हणजे विमानातलं खरकटं, जवळपासच्या डुकरांना घातलं गेलं. खारवलेल्या मांसात हा विषाणू महिनोन् महिने टिकतो. म्हणजे एका प्रवाशाच्या ताटातला तुकडा खंड ओलांडतो! तेव्हापासून आजपर्यंत छोट्या पाळणाऱ्याला सांगायची पहिली गोष्ट तीच आहे: हॉटेलातलं खरकटं घालायचंच असेल, तर आधी खळाखळा उकळा.

१९७८ च्या जुलैमध्ये हा रोग डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये सापडला. हैती त्याच बेटाच्या दुसऱ्या टोकाला. वर्ष संपेपर्यंत तो तिथेही पोचला.

आता हैतीचं डुक्कर समजून घेऊ, त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. काळं, बुटकं, काटक. त्याला क्रेयोल डुक्कर म्हणत. पंधराव्या शतकाच्या शेवटी स्पॅनिश लोकांनी या बेटावर आणलेल्या डुकरांचे ते वंशज. घरातली सालं, कुजके आंबे, शेतातला टाकाऊ माल, काहीही खाणारं. विकतचं खाद्य नाही, गोठा नाही. पायाला दोरी बांधून झाडाखाली सोडलं की झालं. जमीन उकरायचं, किडे खायचं, खत द्यायचं. आणि पोराची शाळेची फी, घरातलं मयत, लग्न, आजारपण, असं काही निघालं की विकायचं. आपल्याकडे अडीनडीला शेळी विकतात ना, अगदी तसंच. शेळीला गरिबाची गाय म्हणतो आपण. हैतीत तो मान डुकराचा.

त्यात इतिहासही आहे. १७९१ च्या ऑगस्टमध्ये ब्वा काइमान इथे गुलामांची जी बैठक झाली, जिच्यानंतर हैतीची क्रांती पेटली, तिथे काळ्या डुकराचा बळी दिला गेला असं परंपरा सांगते. म्हणजे हा प्राणी त्यांच्यासाठी नुसतं मांस नव्हता.

साथीच्या आधी देशात अंदाजे बारा-तेरा लाख डुकरं होती. पहिल्या लाटेत बरीच मेली. पण दोन-तीन वर्षांत रोग मवाळ झाला. विषाणूचा जोर उतरला, आणि उरलेली बरीच डुकरं धडधाकट दिसू लागली. शेतकऱ्याच्या नजरेत साथ संपली होती. पशुवैद्यकांच्या नजरेत नाही, कारण बरं झालेलं डुक्करही विषाणू बाळगू शकतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि मला हीच या गोष्टीची गाठ वाटते. कारण तिसरा पक्ष होता अमेरिकेचा. समुद्रापलीकडे त्यांचा अब्जावधी डॉलरचा डुक्करधंदा होता आणि रोग तिकडे पोचण्याची त्यांना धास्ती होती. लस नव्हतीच. मग अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्या मदतीने सुमारे २ कोटी ३० लाख डॉलरची मोहीम ठरली. एकही डुक्कर ठेवायचं नाही.

मे १९८२ पासून वर्षभर गावोगाव पथकं फिरली. पावणेचार-चार लाखांच्या आसपास डुकरं मारली गेली. भरपाई होती, पण तोकडी, आणि कित्येकांपर्यंत ती नीट पोचलीच नाही. ज्याला भरपाईवर भरवसा नाही, तो काय करणार? पथक यायच्या आधीच डुक्कर बाजारात, नाहीतर पातेल्यात. आजारी जनावर असं विकलं गेलं की रोग पुढच्या गावाला जातो. डुक्करपालनाची कुठलीही योजना बघताना मी म्हणूनच आधी भरपाईचं पान उघडतो.

मारून झाल्यावर तपासणीसाठी काही निरोगी डुकरं देशभर सोडली, त्यांना काही झालं नाही, आणि १९८४ मध्ये हैती रोगमुक्त ठरला. कागदावर मोहीम शंभर टक्के यशस्वी.

मग बदली डुकरं आली. आयोवातून. गोरी, लांबलचक, भरपूर मांसाची. अट एकच, त्यांना सिमेंटची जमीन हवी, वर छप्पर हवं, स्वच्छ पाणी हवं, लसी हव्यात आणि विकतचं खाद्य हवं. जिथे माणसांना नळाचं पाणी नाही तिथे! पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ज्याँ-बेर्त्राँ आरिस्टीड यांनी मांडलेला हिशोब असा: डुकराच्या खाद्याला वर्षाला ९० डॉलर, आणि माणसी वार्षिक उत्पन्न १३० डॉलर. गावकऱ्यांनी या पाहुण्यांना नाव ठेवलं 'चार पायांचे राजपुत्र'. टोमणा काय मारावा, तो गरिबांनीच.

नवी डुकरं वाईट नव्हती. आयोवात ती उत्तमच होती. पण तिकडचं गणित होतं कमी दिवसांत जास्त किलो, आणि हैतीतलं होतं शून्य खर्चात अडीअडचणीची सोय. मोहीम आखणाऱ्यांनी डुकराचं वजन मोजलं, आणि त्याचं घरातलं काम मोजायचं राहून गेलं.

परिणाम? शाळेतली पोरं घटली, कर्ज वाढलं. हाताशी विकायला काही उरलं नाही म्हणून लोकांनी झाडं तोडून कोळसा विकला, असंही बरेच अभ्यासक सांगतात. जंगलतोड आधीपासूनच होती, तेव्हा सगळा दोष इथे टाकणार नाही. पण ७ फेब्रुवारी १९८६ ला हुकूमशहा ज्याँ-क्लोद द्युव्हालिए देश सोडून पळाला, त्यामागच्या खेड्यातल्या रागात या डुकरांचा वाटा नक्की होता. पुढे फ्रेंच मदतीने ग्वादलूपची क्रेयोल, फ्रान्सची गास्कोन आणि चिनी डुकरं यांच्या संकरातून काटक जात आणली गेली. लोकांनी तिला हसत घरात घेतलं.

याच काळात स्पेनमध्ये तोच रोग होता, १९६० पासून. तिथे १९८५ ला नवा कार्यक्रम सुरू झाला. फिरती पशुवैद्यक पथकं, रक्ताच्या तपासण्या, फक्त बाधित कळप मारायचे, गोठे सुधारायला पैसा, आणि पाळणाऱ्यांचे स्वतःचे संघ. दहा वर्षं लागली. १९९५ ला स्पेन मोकळा झाला, आणि छोटे पाळणारे आपल्याच संघात बसून निर्णय घेत होते. स्पेनकडे पैसा होता, यंत्रणा होती, हे मान्य. तरी दहा वर्षं थांबायची तयारी ही पैशाच्या पलीकडची गोष्ट आहे.

आपल्याकडे हा रोग २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात पहिल्यांदा नोंदला गेला. देशातली नव्वद लाखांच्या आसपास डुकरं, त्यातली एकवीस लाख एकट्या आसामात, ही २०१९ ची पशुगणना. केंद्राने मारायला परवानगी दिली होती, पण आसामने लगेच सरसकट कत्तल करायची नाही असं ठरवलं. पुढच्या वर्षी मिझोरममध्ये हजारो डुकरं मेली. तिथेही घरामागच्या एक-दोन डुकरांवरच घर चालतं.

आणि हैती? २०२१ च्या जुलैमध्ये डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये तोच रोग पुन्हा सापडला. सप्टेंबरमध्ये हैतीत.