टप्प्याचा घोडा
डाकेचा घोडा थकला की पुढील टप्प्यावर ताज्या दमाचा घोडा तयार असे. ‘रिले’ हे नाव त्या प्रथेवरूनच आले. लांबच्या तारेतून येणारा प्रवाह क्षीण होतो. परंतु लोखंडी गाभ्याभोवती तारेचे पुष्कळ वेढे असले, तर तेवढ्यानेही हलकी पट्टी ओढली जाते, स्पर्शबिंदू जुळतात आणि तेथील बॅटरीचा जोमदार प्रवाह पुढे धावतो. १८३५ च्या सुमारास प्रिन्स्टन येथे जोसेफ हेन्री विद्यार्थ्यांना हेच तत्त्व दाखवीत: दूरच्या दुर्बल प्रवाहाने मोठ्या विद्युत्चुंबकाचे मंडल तुटे आणि त्याने धरलेले वजन कोसळे. पेटंट त्यांनी घेतले नाही. १८४४ च्या वॉशिंग्टन-बाल्टिमोर तारेची कीर्ती मोर्स यांना लाभली. ही उदारता की बेफिकिरी? मला दोन्ही वाटतात. १८४९ साली खटल्यात साक्ष देण्याची पाळी मात्र हेन्रींवर आलीच.