कंबरदुखीवरचा योग नेमका किती जुना? (थ्रेड)

कंबर धरली की घरोघरी एकच सल्ला मिळतो : योगासने करा, हजारो वर्षांची विद्या आहे. विद्या जुनी आहे, यात वाद नाही. मात्र कंबरदुखीवरील उपचार म्हणून आसनांची जी मांडणी आज जगभर शिकवली जाते, तिचे वय जेमतेम शंभर वर्षे आहे आणि तिची बरीचशी घडण एकट्या पुणे जिल्ह्यात झाली.

हा इतिहास पाहताना सोलापूर नजरेआड करता येत नाही. १८७७ मध्ये येथे जुनी मिल सुरू झाली; तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि पुढे यंत्रमाग उभे केले. हातमागावरचा विणकर खड्ड्यात पाय सोडून, पुढे झुकून दिवसभर धोटा फेकत असे. त्याच घरांतील स्त्रिया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आणि आजही वळतात. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. त्यामुळे उठून कंबर सरळ करण्याचा वेळही हिशेबातच जातो. मांडी घालून जमिनीवर बसण्याचे गुण गाणाऱ्यांनी हे बसणे एकदा पाहावे.

आता जुने ग्रंथ. चरकसंहितेत वाताच्या ऐंशी विकारांत 'गृध्रसी', म्हणजे कंबरेतून पायात उतरणारी कळ, येते. तिच्यावर सांगितलेले उपचार स्नेहन, स्वेदन, बस्ती, शिरावेध असे आहेत; आसनांचे तेथे नाव नाही. पंधराव्या शतकातील 'हठप्रदीपिके'त पंधरा आसने आहेत. आसनांनी स्थैर्य, आरोग्य आणि अंगाचा हलकेपणा लाभतो, असे स्वात्माराम सांगतात. पण एकेका आसनाचे फळ सांगताना त्यांचे लक्ष जठराग्नी, उदरविकार आणि कुंडलिनी यांवर असते. साधकाची कंबर दुखते ही त्यांची चिंताच नव्हे.

बदल विसाव्या शतकात झाला. १९१८ मध्ये मुंबईजवळ वर्सोव्याला योगेंद्रजींनी 'योग इन्स्टिट्यूट' काढली आणि संन्याशाची साधना गृहस्थाच्या आरोग्याशी जोडली. खरी उलथापालथ मात्र लोणावळ्याची. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे आधी बडोद्याच्या राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात घडलेले आणि मग माधवदासजींचे शिष्य. उड्डियान व नौली करताना शरीरात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांखाली पाहिले. १९२४ मध्ये त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. त्यात नाड्या आणि चक्रांच्या शेजारी स्नायू, मज्जारज्जू, रक्ताभिसरण हे शब्द येऊन बसले. भुजंगासन, शलभासन, धनुरासन यांचे वर्णन आता पाठीच्या स्नायूंच्या भाषेत होऊ लागले. ज्या संस्थेने आसने प्रयोगशाळेत नेली, तिनेच १९७० मध्ये 'हठप्रदीपिके'ची चिकित्सक आवृत्तीही काढली, हे विशेष.

लोणावळ्याने भाषा दिली. हत्यारे पुण्याने दिली. १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या बोलावण्यावरून टी. कृष्णमाचार्यांनी आपला अठरा वर्षांचा शिष्य काही महिन्यांसाठी पुण्याला पाठवला. बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार यांचे बालपण क्षय, हिवताप, विषमज्वर यांत गेलेले. मराठी त्यांना येत नव्हती. ते पुण्याचेच होऊन राहिले. निरोगी तरुणांना जमणारी आसने आजारी आणि वयस्कांना जमेनात, तेव्हा अय्यंगारांनी माणसाऐवजी आसन बदलले. हात जमिनीला टेकत नाही? खाली वीट ठेवा. पाय धरता येत नाही? पट्टा अडकवा. भिंत, खुर्ची, घडी घातलेले कांबळे, भिंतीतले दोर : जे हाताशी, ते उपयोगाचे.

कंबरेच्या बाबतीत यामागचा विचार सोपा आहे. मांड्यांच्या मागचे स्नायू आखडलेले असतील, तर पुढे वाकताना ओटीपोट हलत नाही आणि सगळा वाक कंबरेच्या मणक्यांतून निघतो. म्हणून आधी उताणे झोपून पट्ट्याने एक पाय वर घ्यायचा, भिंतीतला दोर मांड्यांशी घेऊन अधोमुख श्वानासनात पाठीचा कणा लांबवायचा, खुर्चीवर बसून पीळ द्यायचा. खोल वाकणे दूरच. १९६६ च्या त्यांच्या 'लाइट ऑन योगा' या इंग्रजी ग्रंथात दोनशे आसने आहेत आणि शेवटी आजारांनुसार आसनांची यादी. तीत पाठदुखी आहे, सायटिका आहे, सरकलेली चकतीही आहे. 'हठप्रदीपिके'शेजारी ही यादी ठेवली की चार-पाच शतकांत योगाचा वाचक किती बदलला, ते दिसते. १९७५ मध्ये पुण्यात 'रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था' उघडली. १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातात साठीतील अय्यंगार स्वतःच जायबंदी झाले; साध्या आसनांपासून पुन्हा सुरुवात करण्याची पाळी आता त्यांच्यावर आली.

हे सारे अनुभवाचे झाले. मोजमाप उशिरा आले. २००५ आणि २००९ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात अय्यंगार पद्धतीच्या चाचण्या झाल्या; २००८ मध्ये बंगळूरजवळ ८० रुग्णांवर सात दिवसांच्या निवासी योगाची चाचणी झाली. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्याने १२ चाचण्या आणि १,०८० रुग्ण एकत्र तपासले. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत हालचालीत थोडी ते मध्यम सुधारणा, वेदनेत त्याहून किरकोळ फरक, आणि काहींची कंबर उलट अधिक दुखली, असा तो निष्कर्ष. चमत्काराच्या जाहिराती करणाऱ्यांना तो रुचणार नाही. परंतु गोळ्यांवर वर्षे काढणाऱ्याला एवढा फरकही थोडा नसतो. त्याच वर्षी अमेरिकन वैद्यतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने जुनाट कंबरदुखीत औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत योगाचा समावेश केला.

२०१७ चीच आणखी एक चाचणी बॉस्टनची. तिच्यातील ३२० जण बहुतांशी अल्प उत्पन्नाचे होते. बारा आठवडे, आठवड्याला सव्वा तासाचा एक वर्ग आणि घरी सराव. योगाचा परिणाम फिजिओथेरपीच्या तोडीचा ठरला.

सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांशी उत्पन्नाने जुळणारी ही माणसे. २००६ मध्ये कुंभारीला या स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. वर्ग भरवायला अंगण आहे, भिंत आहे, विटाही आहेत. प्रश्न सव्वा तासाचा. हजार विड्यांना आठ तास धरले, तर तेवढ्या वेळात दीडशेहून अधिक विड्या वळून होतात.