दंडातली चिप आणि दप्तरातला रकाना

२०२१ चा जानेवारी महिना नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या आपल्यापैकी कोणीही सहजासहजी विसरणार नाही. ६ जानेवारीला वेघेल येथे या देशातील पहिली कोरोना लस टोचली गेली. १५ जानेवारीला बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणावरून मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. २३ जानेवारीला रात्रीची संचारबंदी लागू झाली आणि त्याच रात्री उर्क या मच्छीमारांच्या गावी जीजीडीचे चाचणी केंद्र जाळण्यात आले. २५ जानेवारीला बातमी आली की त्याच जीजीडीच्या संगणकांतून हजारो नागरिकांची नावे, पत्ते आणि नागरिक क्रमांक चोरून विकले जात आहेत.

याच आठवड्यांत आपल्या सर्वांच्या फोनवर एक चित्रफीत फिरत होती. लसीतून शरीरात चिप घातली जाते, ती आपला ठावठिकाणा कळवते आणि पुढे लसीचा दाखला नसेल तर भाकरीही मिळणार नाही, असे ती सांगत होती. ती आमच्या आत्यापर्यंतही पोहोचली. आत्या विदर्भातील एका तालुक्याच्या गावी राहत असे. मार्चमध्ये साठीपुढील लोकांचे लसीकरण सुरू झाले तेव्हा तिने नकार दिला. आम्ही संगणक क्षेत्रात काम करणारी माणसे. इथून फोनवर आम्ही तिला हसलो. "आत्या, शिकल्या-सवरल्या घरातली असून तू असलं काही मानतेस?" असे म्हणालो. तिने पुढे आमचे फोन घेणे कमी केले. मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, ती गेली.

लस घेतली असती तर ती वाचलीच असती, असे आम्ही म्हणू शकत नाही. परंतु आमच्या हसण्याने तिचा एक प्रश्न अनुत्तरित राहिला, एवढे खरे. तिच्या भीतीचा इतिहास काय, आणि या देशातील माणसांच्या भीतीचा इतिहास काय, हे तपासण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम चिपविषयी. शरीरात टोचण्याची चिप ही कल्पित वस्तू नव्हे. २००४ साली रॉटरडॅममधील 'बाहा बीच क्लब' या नाइटक्लबने आपल्या खास ग्राहकांच्या दंडात अशी चिप बसवण्याची सोय केली होती. बार्सिलोनातील त्याच नावाच्या क्लबने ती आधी सुरू केली होती. चिप टोचून घेतलेल्या ग्राहकाला रांगेत उभे राहावे लागत नसे आणि पेयाचे पैसे दंडावरूनच वळते होत. 'व्हेरिचिप' नावाची ही काचेची कुपी तांदळाच्या दाण्याएवढी, सुमारे १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड होती. तिच्यात बॅटरी नसे, फक्त एक क्रमांक असे. वाचणारे यंत्र अगदी जवळ नेले तरच तो क्रमांक वाचता येई. लसीच्या सुईचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. त्यातून अशी कुपी जाऊच शकत नाही. आणि उपग्रहाकडून ठावठिकाणा समजून घेऊन तो दूर कळवायचा तर वीज लागते, अँटेना लागते. ते काम आपण स्वखुशीने खिशात बाळगलेला फोन करतोच.

मग ही अफवा आली कोठून? डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी, लस दिल्याची खूण त्वचेखाली अदृश्य रंगाने ठेवता येईल का, याविषयीचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यास गेट्स प्रतिष्ठानचे अर्थसाह्य होते. मार्च २०२० मध्ये बिल गेट्स यांनी लसीच्या डिजिटल दाखल्यांचा उल्लेख केला. रंगाची चिप झाली, दाखल्याची बेडी झाली. एप्रिलमध्ये तर नेदरलँड्समध्ये काही ठिकाणी मोबाइलचे मनोरेही जाळले गेले, कारण ५जी लहरींनी कोरोना होतो असे काहींनी मानले होते.

तथापि या देशात लसीविषयीचा संशय इंटरनेटने जन्माला घातलेला नाही. १८२३ साली आब्राहम कापादोस या अॅमस्टरडॅमच्या डॉक्टरने देवीच्या लसीविरुद्ध पुस्तक लिहिले. रोग हा ईश्वरी इच्छेचा भाग असून त्यात माणसाने हात घालू नये, असे त्याचे मत होते. १८७० ते १८७३ या काळात देवीच्या साथीने या छोट्या देशात वीस हजारांहून अधिक माणसे मेली. म्हणून १८७२ च्या कायद्याने शाळेत येणाऱ्या मुलांना आणि शिक्षकांना देवी काढल्याचा दाखला सक्तीचा केला. 'लस पासपोर्ट' हा शब्द नवा असेल, वस्तू दीडशे वर्षांची आहे. पुढे पंतप्रधान झालेल्या आब्राहम काउपर यांनी १८७९ च्या आपल्या पक्षकार्यक्रमात या सक्तीला विरोध केला. १९२८ मध्ये लसीनंतर काही मुलांना मेंदूदाह झाल्याचे आढळले, तेव्हा ही सक्ती स्थगित झाली. म्हणजे विरोध करणाऱ्यांची सगळीच शंका पोकळ नव्हती. परंतु त्याच परंपरेची किंमतही नोंदलेली आहे. १९७८ मध्ये ११० आणि १९९२-९३ मध्ये ७१ माणसांना पोलिओ झाला. रुग्ण प्रामुख्याने लस नाकारणाऱ्या सनातनी प्रोटेस्टंट समाजातील होते, आणि त्यांत मुले होती. उर्क याच पट्ट्यातील गाव आहे.

याहून खोल अशी दुसरी भीती आहे, ती नोंदवहीची. नेदरलँड्सच्या लोकसंख्या नोंदवह्या युरोपात नावाजलेल्या होत्या. प्रत्येकाचे नाव, पत्ता, कुटुंब, आणि धर्म. तो धर्माचा रकाना कोणी दुष्ट हेतूने भरला नव्हता. १९४० मध्ये जर्मन सैन्य आले आणि नोंदवह्या त्याच राहिल्या, मालक बदलला. याकोप लेंट्स या कर्तव्यदक्ष अधिकाऱ्याने जवळजवळ नक्कल न करता येणारे ओळखपत्र तयार केले, आणि १९४१ पासून ज्यूंच्या ओळखपत्रावर 'जे' हे अक्षर छापले गेले. सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,०२,००० मारले गेले. पश्चिम युरोपातील हे सर्वांत मोठे प्रमाण होय. २७ मार्च १९४३ रोजी शिल्पकार खेरित फान डेर फेन, चित्रकार विलेम आरोंडेउस आणि त्यांच्या सोबत्यांनी पोलिसांच्या वेशात अॅमस्टरडॅमचे नोंदणी कार्यालय पेटवले. त्याबद्दल बारा जणांना गोळ्या घालण्यात आल्या. या आठवणीमुळेच १९७१ च्या जनगणनेला इतका विरोध झाला की त्यानंतर या देशाने घरोघर जाऊन जनगणना केलेली नाही.

म्हणून २०२१ मध्ये काही निदर्शक छातीवर पिवळा तारा लावून रस्त्यावर उतरले तेव्हा, ज्यांच्या घरातली माणसे खरोखर मारली गेली होती, त्यांना ते असह्य झाले. लस न घेतलेल्यांची तुलना ज्यूंशी करणारी ट्विट्स काढून टाकण्याचा आदेश त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये अॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने थिएरी बोदे या पक्षनेत्यास दिला. कॅफेत प्रवेश न मिळणे आणि गॅस कोठडीत ढकलले जाणे यांतील फरक पुसला की मेलेल्यांचा अपमान तर होतोच. शिवाय पुढचा खरा धोका ओळखण्याची आपली नजरही बोथट होते.

हा फरक आपल्याला कोणी शिकवावा लागू नये. पेशवाईत अस्पृश्याने ओळखू यावे म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा असा दंडक होता, हे बाबासाहेबांनी लाहोरसाठी लिहिलेल्या आणि १९३६ साली छापलेल्या भाषणात नोंदवले आहे. शरीरावरची ती खूण वाचायला कोणतेही यंत्र लागत नसे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या या जमातींची नोंद झाली, त्यांच्यावर हजेरी लादली गेली, हद्द सोडायची तर पास घ्यावा लागे. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर आपल्या मुंबई इलाख्यातही हे सुरू झाले, आणि सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेआड पिढ्या वाढल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. आमच्या आत्याच्या आठवणीत आणखी एक गाडी होती, १९७६ साली तिच्या वस्तीत आलेली नसबंदीची गाडी. "सरकारची सुई आधी आपल्याच दारी येते," असे ती म्हणे. आम्ही हसलो तेव्हा या वाक्याला हसलो, हे आम्हांला फार उशिरा कळले.

पण आपल्या इतिहासात सुईला घाबरणारे जसे आहेत तसे सुईच्या बाजूने उभे राहिलेलेही आहेत. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा रुग्णालयात नेलेल्या माणसांची मोमियाई काढतात अशी अफवा पसरली होती, आणि गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याला वाल्देमार हाफकिन यांनी आपण बनवलेली प्लेगची लस प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. पुण्यात रँडच्या हाताखालच्या गोऱ्या सैनिकांनी घरे झडतीला काढली. ती जुलूमच होती. त्या जुलमाला चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ रोजी गोळीने दिलेले उत्तर आपण सर्वांनी शाळेत वाचले आहे. त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ, दुसरे एक उत्तर दिले जात होते. सावित्रीबाई आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होते. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन आणले. त्यात त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सत्ता जुलमी आहे म्हणून औषध खोटे ठरत नाही, आणि औषध खरे आहे म्हणून सत्तेचा जुलूम क्षम्य होत नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरणे अवघड असते. सावित्रीबाईंनी ते करून दाखवले.

नोंदवहीविषयीही आपली भूमिका सरसकट विरोधाची असू शकत नाही. १९३२ मध्ये लोथियन समितीचे सदस्य असताना बाबासाहेबांना, आमच्या प्रांतात अस्पृश्य नाहीतच किंवा अगदी थोडे आहेत, असे सांगणाऱ्यांशी झगडावे लागले. संख्या लपली की हक्क लपतो. जातीचा दाखला नसता तर आपल्यापैकी कितीजण अभियांत्रिकी महाविद्यालयात पोहोचले असते? इथल्या लोकांनी रकाना जाळला म्हणून ते वीर ठरले; आपण रकाना मागितला म्हणून माणसांत आलो. दोन्ही खरे आहे, कारण प्रश्न रकान्याचा नसून तो कोणाच्या हाती आणि कशासाठी आहे, याचा आहे.

या कसोटीवर २०२१ मधील दोन संगणक प्रणाली पाहाव्यात. पहिली 'कोरोनाचेक'. २५ सप्टेंबर २०२१ पासून कॅफे, उपाहारगृह, चित्रपटगृह यांत जाण्यासाठी तिचा क्यूआर कोड दाखवावा लागे. देशांतर्गत कोडमधून तपासणाऱ्याला नावाची आद्याक्षरे आणि जन्माचा दिवस-महिना एवढेच दिसे. ही व्यक्ती लसवंत आहे, आजारातून बरी झाली आहे की चाचणी करून आली आहे, हे त्याला कळत नसे. प्रणालीची संहिता सर्वांना वाचण्यासाठी खुली होती. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी हा नियम संपला. ती सक्ती योग्य होती का, यावर मतभेद असू शकतात, आमच्यातही आहेत. पण ती काय पाहते, हे पाहता येत होते.

दुसरी प्रणाली कर खात्याची. दुहेरी नागरिकत्वाची नोंद २०१४ पासून या देशाच्या नागरिक नोंदणीतून वगळण्यात आली होती. तरीही मे २०१८ मध्ये १४ लाख लोकांचा तो जुना रकाना कर खात्याच्या संगणकांत शिल्लक होता, असे माहिती संरक्षण प्राधिकरणाला आढळले. बालसंगोपन भत्त्याचे अर्ज तपासताना अर्जदाराचे नागरिकत्व धोक्याची खूण म्हणून वापरले गेले. हजारो पालकांना लबाड ठरवून लाखो रुपयांच्या तोडीची वसुली लावली गेली. घरे गेली, संसार मोडले. त्यांत स्थलांतरित कुटुंबे मोठ्या संख्येने होती. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने खात्याला २७,५०,००० युरो दंड केला. दंडात कोणतीही चिप नव्हती. दप्तरात एक रकाना होता, पुसायचा राहून गेलेला. आणि जीजीडीमधून माहिती चोरणाऱ्यांनाही गुप्त तंत्रज्ञान लागले नाही. कर्मचाऱ्याच्या पडद्यावरची माहिती त्यांना पुरली.

षड्यंत्राच्या कथेचे खरे नुकसान येथे आहे. ती माणसाच्या रास्त भीतीला चुकीच्या पत्त्यावर पाठवते. लोक दंडात चिप शोधत राहतात आणि दप्तराकडे कोणाचे लक्ष राहत नाही.

भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले ते आपण दर पौर्णिमेला ऐकतो. ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा थोर आहे म्हणून काही स्वीकारू नका, तपासा. हा उपदेश सरकारी पत्रकाला लागू आहे तसाच फोनवर आलेल्या चित्रफितीलाही. संशय घेणे म्हणजे तपासणे नव्हे; तपासण्याला कष्ट पडतात. कोणत्याही नव्या दाखल्याबाबत, ॲपबाबत, ओळखपत्राबाबत आपण चार प्रश्न विचारू शकतो: यात कोणता रकाना आहे? तो कोण वाचू शकतो? तो कधी पुसला जाणार? चूक झाल्यास दाद कोठे मागायची? आपल्या मुलांना हे प्रश्न येथील शाळेत पडोत, आणि आपल्यातील जे अशा प्रणाली लिहितात त्यांना त्या लिहितानाच पडोत.

आणि गावाकडून एखादी चित्रफीत आली, तर हसू नये. आत्याला आम्ही विचारायला हवे होते, "तुला ही भीती कधीपासून वाटते?" मग १९७६ ची गाडी निघाली असती, आणि तिच्या मागोमाग कदाचित सावित्रीबाईंची गोष्टही सांगता आली असती. तेवढा वेळ आम्ही दिला नाही. आपण द्यावा.