राजांचे पूर्वज
१३४७ मध्ये हसन नावाचा सरदार दौलताबादला सुलतान झाला आणि त्याने ‘बहमन शाह’ हे नाव घेतले. इराणी पुराणकथांतील राजा बहमन याच्याशी त्याचे कुळ जोडले गेले. हा पूर्वज इस्लामपूर्व काळातला! पण दिल्लीविरुद्ध बंड करून गादी मिळवणाऱ्याला जुने राजकुळ हवे होते. सुमारे अडीचशे वर्षांनी विजापुरात फरिश्त्याने वेगळीच कथा लिहिली : हसनने आपला जुना धनी, गंगू ब्राह्मण, याच्यावरून ‘बहमनी’ नाव घेतले. समकालीन कवी इसामीला मात्र ही कथा ठाऊक नाही.

जावा बेटावरील ‘बाबाद तानाह जावी’ या बखरीत तर मुसलमान राजांची वंशावळ आदमपासून निघून शिव आणि पांडवांमार्फत खाली येते.

वंशावळ पूर्वजांबद्दल थोडे सांगते, ती लिहवून घेणाऱ्यांच्या गरजेबद्दल पुष्कळ. म्हणून वर्गात विचारावे : ही कोणी, केव्हा, कशासाठी लिहिली?