जाजमावर जरा सरकून बसा

भिवंडीत यंत्रमागाच्या एखाद्या गाळ्यासमोर उभे राहा. कानांवर हात ठेवू नका; ती खडखड हाडांपर्यंत पोचू द्या. आता डोळे मिटा आणि त्या आवाजातली वीज काढून टाका. धोटा दमानं येऊ-जाऊ लागेल, फणीचा एकेक ठोका मोजता येईल. उघडा डोळे. साल सुमारे 1910, गाव अहमदनगर, नाताळ दोन दिवसांवर. अंगावरचा पातळ सदरा इथं कामाचा नाही. कुणाकडून तरी घोंगडी मागून घ्या. टोचेल, मेंढराचा वास येईल, पण रात्री तिचेच उपकार मानाल.

तुम्ही उभे आहात ती साळ्यांची गल्ली. दारोदार सूत ताणून ठेवलंय, त्याला खळ लावणं चाललंय आणि आंबूस पेजेचा वास नाकात ठाण मांडून बसलाय. शेजारून टांगा उधळत जातो, धूळ उडते, घोड्याच्या लिदीवरून तुमचा पाय घसरता घसरता राहतो. वाकून एका घरात डोकावा. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसलाय, भुवयांवरही सुताचा भुगा. "मागच बघायचा असेल तर मिशनात जा, चर्चिल साहेबानं नवा केलाय," तो मान वर न करता सांगतो. खरं आहे ते. अमेरिकन मराठी मिशनचे इंजिनिअर डी. सी. चर्चिल इथं हातमाग सुधारण्याच्या खटपटीत आहेत. मिशनची माणसं नगरात 1831 पासून आहेत. शाळा झाल्या, वसतिगृहं झाली, प्रार्थनामंदिरं झाली. तरी बाजारातल्या माणसाला हा देव अजून साहेबाचाच वाटतो.

तुम्हाला साहेबाकडे जायचं नाही. काहीतरी तळल्याचा वास येतोय ना? त्याच्या मागे चला.

करंज्या! रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी नाताळच्या फराळाची धांदल आहे. दारात वहाणांचा ढीग. आत घरचं कोण आणि पाहुणा कोण, हे नव्या माणसाला सांगता येत नाही. त्र्यंबक ठोंबरे नावाचा एक कोवळा कवी याच घरात काही काळ राहून गेलेला. त्याला तुम्ही ओळखता, शाळेत पाठ केलाय: बालकवी. ख्रिस्ती नव्हता तो, पण त्यावाचून इथं कुणाचं काही अडलं नाही. चुलीपुढे टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई घामाघूम. डोळ्यांत धूर, हातात झारा, तोंडानं बोलणं अखंड. तुम्ही कोण, कुठले, कुठल्या जातीचे, काही न विचारता तुमच्या हातावर गरम करंजी येते. बोटं भाजतात. खा तशीच.

ही बाई पूर्वी अशी नव्हती. 1895 साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिच्यावर आभाळ कोसळलं. पुढे ती नवऱ्याकडे आली ती आपलं सोवळं घेऊनच. चूल वेगळी, पाणी वेगळं. घरातच धर्मप्रसारक आणि घरातच त्याची सर्वांत अवघड श्रोती! मग एक दिवस, कुणीही वाद न घालता, जात देवानं केलेली नाही हे तिचं तिलाच उमगलं आणि सोवळं गळून पडलं. बाप्तिस्मा तिनं घेतला तो 1900 साली, स्वतःच्या मनानं. म्हणून तुमच्या हातावरच्या करंजीला थोडा मान द्या. ती इथवर यायला पाच वर्षं लागली आहेत.

फराळाची ताटं शेजारीपाजारी निघतात. एखादं ताट तुम्हीही घ्या. एका दारात हसून स्वागत होतं. दुसऱ्या दारातली म्हातारी पदर सावरून दोन पावलं मागे सरते. केळी असली तर ठेवा म्हणते, तळलेलं नको. तुमचे कान लाल होतात. रागावू नका. तिचं बोलणं गोड आहे, फक्त उंबरा मधे आहे.

ऊन उतरलं. बैलगाडीत चढा, जवळच्या खेड्यात टिळकांचं कीर्तन आहे. चाक दगडावर चढतं आणि दात दातांवर आपटतात. दोन्ही बाजूंना शाळू उभा आहे. बांधावर हुरड्याची आगटी धुमसतेय. गाडीवान मूठभर हुरडा तुमच्या ओंजळीत ओततो. दाणे गोड, ओठ काळे.

शाळेपुढच्या अंगणात जाजम अंथरलंय. टेंभ्याचा तेलकट धूर, विडीचा वास, पोरांचा कालवा, कुत्र्यांची भांडणं. आणि आता खरा पेच. बसायचं कुठं? जाजम एकच आहे. महारवाड्यातली माणसं त्यावर आधीच बसली आहेत, मांगवाड्यातलीही. चार कुणबी काठाशी उकिडवे. वाण्याचा मुलगा निंबाखाली उभा, ऐकायचंय पण शिवायचं नाही. सगळे तुमच्याकडे बघतायत. एक म्हातारा सरकून हातभर जागा करतो आणि जाजमावर थाप मारतो. बसा. त्याचा गुडघा तुमच्या गुडघ्याला लागतो. कीर्तन अजून सुरू व्हायचंय, पण त्यातला निम्मा उपदेश तुम्ही ऐकून चुकलात.

झांजा वाजतात. मृदंगावर थाप पडते. पेटीवाला सूर शोधतो, सापडल्यासारखं करतो. नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाला टिळकांच्या कितीतरी आधीच हात घातला होता; कृष्णराव सांगळे हे त्यातलं मोठं नाव. पण प्रार्थनेतली गाणी मात्र बरीचशी इंग्रजी चालींवर, मराठी जिभेला ठेचा लावणारी. टिळकांनी शेकडो पदं लिहिली ती ओवी-अभंगाच्या वळणाची. आज ते देशी पोशाखात उभे आहेत. आधी नमन, मग निरूपण. दुसऱ्या पदाला तुमचा हात आपोआप टाळी धरतो. चाल ओळखीची, नाव तेवढं नवं.

मग आख्यान. बादशहाची खानेसुमारी निघाली, नाव नोंदवायला जोडपं गावाकडं चाललं, बाईचे दिवस भरलेले. खानेसुमारी म्हणताच काठावरचे कुणबी हसतात; सरकार माणसं मोजतं ते कशासाठी, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. धर्मशाळेत जागा नाही. शेवटी गोठा. "अगंबाई, गोठ्यात?" मागची बाई पुटपुटते. "गोठ्यात ऊब तरी असते," दुसरी अनुभवानं सांगते. तुमच्या शेजारचा म्हातारा मात्र हसत नाही. जागा नाही, हे शब्द त्यानं विहिरीवर, देवळात, चावडीवर ऐकलेत. देवाच्या पोरालाही तेच ऐकावं लागलं म्हटल्यावर तो पुढे झुकतो.

तेवढ्यात निंबाखालून आवाज येतो: "दुष्काळात भाकरीसाठी बाटले, आता देव शिकवतायत!" अंगण गप्प. तुमच्या मानेवर घाम. टोमण्यात तथ्यच नाही असंही म्हणता येणार नाही. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत मिशनची अनाथालयं भरली, आणि पोटाची हाक कुठं संपते, मनाची कुठं सुरू होते, हे बाहेरून कुणाला कळणार? कुणी उठून भांडत नाही. मृदंग पुढचा ठेका धरतो, पद वर चढतं. टोमणा मारणारा निघून जात नाही, हे तुमच्या लक्षात येतंय ना?

कीर्तन संपल्यावर खरी गर्दी होते. पोरांना मृदंग वाजवून बघायचाय. एकाला विचारायचंय की हा देव मटण खाऊ देतो का. एका बाईला आजारी लेकरासाठी प्रार्थना हवी आहे, धर्मबिर्म काही बदलायचा नाही. प्रार्थना होते. तिच्याकडून बदल्यात काही मागितलं जात नाही. त्या रात्री बाप्तिस्मा कुणीच घेत नाही, आणि त्यामुळे कीर्तन फुकट गेलं असं गाडीत कुणी म्हणतही नाही.

आता परत या. घोंगडी ज्याची त्याला द्या.

येताना पुढची गोष्ट ऐकून ठेवा. 1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही. दोन वर्षांनी ते गेले. त्यांचं अपुरं महाकाव्य 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं, एकेकाळी वेगळी चूल मांडणाऱ्या त्याच लक्ष्मीबाईंनी. अनोळखी माणसाला आपली श्रद्धा सांगायची असेल, मग ती कुठलीही असो, तर आधी त्याच्यासाठी सरकून जागा करा. ऐकायचं की नाही, ते त्याचं तो ठरवेल.